साडीआडचा लंगोट

७ जानेवारी, रविवार

पतसंस्थेने सभासदांना डायरी वाटली. दरवर्षी मी ती पेटीत टाकतो. या वर्षी लिहायचं ठरवलं, कारण घरात काहीतरी चाललं आहे आणि ते मला कोणी सांगत नाही. महाडच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर मी वॉचमन होतो. कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, हातात काय होतं, सगळं लिहायचं. शिक्षण सातवीपर्यंत, पण माझं अक्षर साहेब लोक वाखाणायचे. ती सवय आता घरासाठी वापरायची.

आजची नोंद. दुपारी महाडहून वैदेहीबाई स्कूटरवर आल्या. त्या शाळेत चित्रकला शिकवतात. दरड पडली त्या वर्षी तळीयेच्या लोकांसाठी त्यांनी आमच्या वाडीतल्या बायकांकडून गोधड्या शिवून घेतल्या, तेव्हापासूनची ओळख. त्यांच्या मागोमाग आमची ही, म्हणजे जानकी, सून राजश्री आणि वाडीतल्या बाकीच्या बायका विहारात गेल्या. पांडू शिंपी डोक्यावर शिलाई मशीन घेऊन आत गेला, थोड्या वेळाने रिकाम्या हाताने बाहेर आला. मग दाराला आतून कडी.

संध्याकाळी ही परत आली तेव्हा डोळे लाल होते आणि तोंडावर हसू होतं. दोन्ही एकदम कसं असेल?

"काय चाललंय गो तिथं?"

"गोधड्या."

"गोधडीला कडी कशाला लागते?"

"वारा येतो," म्हणाली आणि चुलीकडे वळली.

आज वारा नव्हता.

११ जानेवारी, गुरुवार

हे लिहावं की नाही याचा सकाळपासून विचार करतो आहे.

अंगणातल्या तारेवर हिची हिरवी साडी वाळत होती. साडीचा पदर उडाला आणि खाली, आतल्या तारेवर, लंगोट दिसला. पांढरा, जुन्या चादरीचा असावा. नाडी लांब.

मी लंगोट घालत नाही. कधीच घातला नाही. मी नाडीची पट्ट्यापट्ट्याची चड्डी घालतो, ते सगळ्यांना माहीत आहे. मुलगा अनिल पनवेलला नोकरीला असतो, महिन्यातून एकदा येतो. तो जीनच्या पँटीच्या आत काय घालतो ते मी पाहायला गेलेलो नाही, पण लंगोट नक्की नाही. घरात दुसरा पुरुष नाही.

मग पुरुषाचा लंगोट माझ्या अंगणात माझ्या बायकोच्या साडीखाली का वाळतो?

मी साडी पुन्हा नीट पसरली. झाकून ठेवली. कोणी पाहिलं नसावं.

१३ जानेवारी, शनिवार

वाडीत लंगोट घालणारा एकच माणूस उरला आहे. पांडू. तरुणपणी कुस्त्या खेळायचा. अजून सकाळी नदीवर जातो, लंगोटावर दंड काढतो आणि येता जाता सगळ्यांना पोट दाखवतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. स्टँडजवळ दुकान आहे. भीमजयंतीला ढोलकी वाजवतो, तेव्हा बायका त्याच्याकडे बघतात हे मी पाहिलेलं आहे.

ही त्याच्या दुकानात चिंध्या आणायला जाते. गोधडीसाठी, असं सांगते.

आमचं वय झालं. हिचे केस माझ्यापेक्षा पांढरे आहेत. असा विचार मनात आणायची मला लाज वाटते. पण गेटवर मी एक गोष्ट शिकलो. ज्याच्यावर कोणाला संशय येत नाही त्याच्याच डब्यातून माल बाहेर जातो.

१९ जानेवारी, शुक्रवार

वरची विहीर आटली. खालच्या झऱ्यावरून पाणी आणावं लागतं. माझं हर्नियाचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरने जड उचलायला मनाई केली आहे, त्यामुळे हंडा हीच आणते. त्या वेळी कंपनीने सगळी सोय केली होती. हिने महिनाभर मला चमच्याने भरवलं. ते आठवलं की वाटतं, मी उगाच संशय घेतो.

पण आज मी पडवीतून लक्ष ठेवलं. वाट चढून येताना ही एका दगडावर हंडा टेकवते आणि बसते. पाय एकमेकांवर घट्ट दाबून, मान खाली घालून. तो दगड पांडूच्या दारासमोर आहे. राजश्रीला विचारलं, सासू तिथं रोज बसते का? म्हणाली, "व्हय की. किती दिवसांपास्नं."

वाटेवर दगड पुष्कळ आहेत. तोच का?

आणखी एक. शौचालयात फार वेळ लावते. मोबाइल नेते का ते पाहिलं. नेत नाही.

२८ जानेवारी, रविवार

आज मी करू नये ते केलं. विहाराच्या मागच्या खिडकीच्या फटीतून आत पाहिलं.

जमिनीवर पांढरी चादर अंथरलेली. तिच्यावर आमची ही उताणी, हातपाय पसरून, डोळे मिटून पडलेली. एक बाई गुडघ्यावर बसून निळ्या खडूने तिच्या अंगाभोवती रेघ ओढत होती. डोक्यावरून, खांद्यावरून, मांड्यांच्या मधून. मग ही उठली आणि चादरीवर नुसता माणसाचा आकार राहिला. कंपनीत रिॲक्टर फुटला तेव्हा पोलिसांनी फरशीवर अशीच रेघ मारली होती, आणि त्या रेघेतला माणूस घरी गेला नव्हता.

मग हिने लाल चिंधी घेतली आणि त्या आकाराच्या ओटीपोटाखाली ठेवली. कोणीतरी म्हणालं, "अजून मोठी लाव गो, लाजतेस काय?" सगळ्या हसल्या. हीही हसली.

ही करणी आहे असा विचार मनात आला. मी बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस, करणी वगैरे मानत नाही. वैदेहीबाई शिकलेल्या आहेत, त्याही मानत नसतील. पण मग ते काय होतं? न मानणाऱ्याला काही होत नाही, असं कुठे लिहिलंय का?

घरी येऊन बी.पी.ची गोळी घेतली.

६ फेब्रुवारी, मंगळवार

नागसेनकडे गेलो. तो विहार कमिटीचा अध्यक्ष आहे, माझ्यापेक्षा लहान, पण ग्रामसेवकाशी इंग्रजीत बोलतो. लंगोटाचं सांगितलं नाही. तेवढं तोंडातून निघालं नाही. म्हणालो, विहारात बायकांचं भलतंच चाललंय. दार लावून आडव्या होतात, अंगाची चित्रं काढतात. पांडू मशीन घेऊन आत-बाहेर करतो.

"अंगाची म्हणजे?" नागसेनने विचारलं.

"सगळ्या अंगाची."

"म्हणजे सगळ्या?"

मी मान डोलावली. त्याच्या कपाळावर आठी आली. "काका, वंदनेच्या जागेत असलं चालणार नाही. वीस मार्चला चवदार तळ्यासाठी बाहेरगावचे पाहुणे इथे मुक्कामाला येतात, उद्या कोणी बोट दाखवलं तर?"

मला हेच हवं होतं. पण घरी येताना हलकं वाटलं नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

विहाराला कुलूप. बायका पायरीवर उभ्या होत्या. वैदेहीबाई फोनवर नागसेनशी आवाज न चढवता बोलत होत्या. शेवटी सगळ्या परतल्या. पांडूने मशीन पुन्हा डोक्यावर घेतलं आणि मला बघून म्हणाला, "धोंडूदादा, तुमचा मोर्चा जितला वाटतं."

हिने रात्रीचं ताट माझ्यापुढे आदळलं. मी म्हटलं, मी काय केलं? तर म्हणाली, "तुमी कधी काय करता?"

हे बोलणं मला समजलं नाही. आम्ही वेगळे झोपतो, मी पडवीत आणि ही आत. अनिल लहान होता तेव्हापासून. माझ्या घोरण्याने झोप लागत नाही म्हणाली होती. मी रात्रपाळीला असायचो, म्हणून वाद घातला नाही. पण तेव्हाही मला वाटलं होतं की कारण दुसरं असेल. आता वाटतं, तेव्हापासून तर नसेल?

२० फेब्रुवारी, मंगळवार

पेटीतली माझी खाकी पँट नाहीशी झाली. गेटवरची. ॲसिडचा थेंब उडून मांडीवर भोक पडलं होतं, ते हिने इतकं बारीक रफू केलं होतं की साहेबाला दिसलं नाही. ती पँट मी आठवण म्हणून ठेवली होती. विचारलं तर म्हणाली, "जुनी होती."

जुनी होती म्हणजे कोणाला दिली?

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मनाचा हिय्या केला. लंगोट तारेवरून काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पांडूच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक नाही बघून पुडी त्याच्यापुढे उघडली.

"हा तुझा का?"

आधी तो खदाखदा हसला. "माझा? दादा, ह्यात माझी एक मांडी बसायची नाय. कुठल्या पोराचा आणलात?" मग चष्मा लावला, उलटा करून पाहिला. "हातशिलाई हाय. बाईचा टाका. आनि हे मधी बघा, घडीवर घडी घालून गच्च गादी शिवलीय. गड्याच्या लंगोटाला गादी कशाला..."

तिथे तो थांबला. माझ्याकडे पाहिलं, पुन्हा लंगोटाकडे पाहिलं. चष्मा काढला. लंगोटाची नीट घडी घातली, एखाद्याचं नवं कापड असावं तशी, आणि पुडी माझ्या हातात दिली.

"दादा, घरी ने. जितनं काढलास तितं ठेव. आत्ताच जा."

कधी मला 'अरेतुरे' करत नाही. आज केलं. तोंड उतरलं होतं. गुन्हेगाराचं उतरतं तसं.

मी घरी गेलो नाही. पुडी घेऊन एसटी स्टँडवर बसून राहिलो, तिन्हीसांजेपर्यंत. परत आलो तर ही अंथरुणावर पडलेली. कंबर दुखते म्हणाली. पाणी राजश्रीने आणलं होतं. राजश्री म्हणाली, "आत्या सकाळपास्नं तारेखाली काय शोधत व्हत्या, कोन जाने."

मी लंगोट गुपचूप तारेवर टाकला. हिने तो आत नेलेला मी पाहिला. थोड्या वेळाने ही उठली आणि भाकऱ्या थापू लागली. एवढ्यात कंबर बरी झाली?

३ मार्च, रविवार

वैदेहीबाई आमच्या घरी आल्या. शुक्रवारी महिला दिन. बायकांनी शिवलेल्या चादरी मांडायच्या आहेत आणि विहार बंद आहे.

ही म्हणाली, "आमचं अंगण हाय की. तारा बी हायत."

मला कोणी विचारलं नाही. मी खाकरलो. वैदेहीबाई म्हणाल्या, "काका, तुमची परवानगी आहे ना?" ही माझ्याआधीच बोलली, "त्यांना गेटवर बसवू. त्यांना तेच जमतं."

बायका हसल्या. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर, काहीतरी काम मिळालं म्हणून बरं वाटलं.

८ मार्च, शुक्रवार

अंगणाच्या बेड्याजवळ, म्हणजे कुंपणाच्या फाटकाजवळ, खुर्ची टाकून बसलो. चार वाजल्यापासून लोक आले. आधी बायका, मग पुरुष. नियम वैदेहीबाईंनी पुठ्ठ्यावर लिहून माझ्याजवळ लावला होता. चपला बाहेर. चादरीवर नाव नाही. कोणाची आहे ते ओळखलं तरी आत बोलायचं नाही. नागसेन आला, पुठ्ठा वाचला, आत गेला. बाहेर आला तेव्हा माझ्याकडे न बघता चपला उलट्या घालून निघाला. पांडू आला आणि नुसता बेड्याबाहेर उभा राहिला. म्हणाला, मी मागनं येतो, दादा, तुमी जाऊन या.

सगळे गेल्यावर मी आत गेलो.

तारांवर चादरी. प्रत्येकीवर शिवलेला एक आकार. एकीच्या पोटात आरपार भोक, त्यातून मागचा फणसाचा बुंधा दिसत होता. एकीच्या छातीवर डोळेच डोळे शिवलेले. एका आकाराला अर्ध्या अंगावर साडी आणि अर्ध्या अंगावर पँट होती. ती कोणाची ते मी ओळखलं. पण नियम आहे, म्हणून इथेही लिहीत नाही.

शेवटची चादर आतल्या तारेवर होती. जिथे हिरवी साडी वाळते तिथे. अंगाचा आकार काळ्या दोऱ्याने. दोन्ही मांड्यांच्या मध्ये लाल चिंध्यांचा गोळा, अंगाबाहेर लोंबणारा. आणि तो वर उचलून धरायला, कमरेला बांधलेला, खराखुरा लंगोट शिवला होता. खाकी. मी जवळ गेलो. त्या कापडावर बारीक रफू होतं. साहेबाला न दिसलेलं.

आकाराच्या डोक्यावर हंडा. आणि चादरीच्या कोपऱ्यात, दूर, एक छोटा माणूस पाठ करून झोपलेला. गळ्यात शिटी.

मागे वळलो तर ही पडवीच्या पायरीवर बसून माझ्याकडे बघत होती. नियम होता, म्हणून मी बोललो नाही.

१० मार्च, रविवार

आज विचारलं. ही तांदूळ निवडत होती.

"कधीपास्नं?"

"अनिल झाला नि लगेच लावनीला उतरले, तवा. आधी थोडं थोडं अंग बाहेर यायचं. मंग भारे, मंग हंडे. आता बांधल्याबिगर चालाय येत नाय."

"सांगितलं का नाय?"

"कसं सांगनार? तुमचं बाहेर आलं तवा ऑप्रेशन झालं. मला वाटलं, बाईचं असंच आसतं. त्या वैदेहीबाईनं चादरीवर झोपवलं नि म्हनाली, जिथं दुखतं तिथं चिंधी ठेवा, बोलू नका. मी ठेवली. तर आनखी तिघींनी तिथंच ठेवली."

तांदळातला खडा काढून तिने अंगणात फेकला.

"आणि माझं घोरणं?"

"घोरता की. पन त्यासाठी आत नाय झोपले."

मी खाली बसलो. मग मला काय वाटलं होतं ते सांगून टाकलं. लंगोट, दगड, पांडू, स्टँडवर काढलेला दिवस. ही हसायला लागली. सूप खाली ठेवलं, दोन्ही हातांनी ओटीपोट धरलं.

"त्या पांडूचा? आवो, त्याला सोताचा धुवायचा कंटाळा! नका, हसवू नका, खाली येतंय!"

आणि हसता हसता रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. किती वर्षांनी ठेवला ते आठवेना.

१३ मार्च, बुधवार

महाडला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. राजश्रीने नंबर लावला होता. मला बाहेर बसायला सांगत होते, पण ही म्हणाली, "येऊ द्या त्यांना." तपासणीच्या पडद्याबाहेर मी उभा राहिलो. बाई म्हणाल्या, गर्भाची पिशवी खाली उतरली आहे आणि ओलसर कापड घासून जखमा झाल्या आहेत. आधी त्या भरू द्या, मग ऑपरेशन. होण्यासारखं आहे, घाबरू नका. तोवर वजन अजिबात उचलायचं नाही. आणि आधाराचं कापड वापरायचं तर मऊ, आणि कडक उन्हात वाळवलेलं.

"उन्हात वाळवत नव्हता का?" बाईंनी विचारलं.

ही म्हणाली, "साडीखाली वाळवायची."

मला पडद्याच्या कापडावरची फुलं मोजावीशी वाटली.

१७ मार्च, रविवार

विहार उघडलं. मी नागसेनकडे गेलो होतो, पण त्याने आधीच किल्ली राजश्रीकडे दिली होती. मला म्हणाला, "काका, आमच्या आईचीपण चादर होती तिथे."

पाणी मी आणतो. मला हंडा झेपत नाही, म्हणून अर्धी कळशी, पुन्हा पुन्हा. झऱ्यावर बायका म्हणतात, "आली बगा धोंडूबाय!" म्हणू देत. चढाला धाप लागली तेव्हा मी एका दगडावर टेकलो. बसल्यावर समजलं की कोणत्या. तो बरोबर अर्ध्या वाटेवर आहे आणि तेवढाच एक सपाट आहे. पांडूचं दार समोर आहे, पण बसणाऱ्याची पाठ त्याच्याकडे होते.

२० मार्च, बुधवार

सगळी वाडी चवदार तळ्यावर गेली. आम्ही या वर्षी गेलो नाही, हिला गर्दीत उभं राहायचं नाही.

सकाळी कपडे मी धुतले. वाळत घालताना लंगोट हातात आला. नवा, मऊ सुताचा, पांडूने शिवून पाठवलेला. माप कोणी दिलं असं मी विचारलं नाही. आता विचारत नाही. सवयीने मी तो साडीच्या आत टाकायला गेलो आणि थांबलो. बाहेरच्या तारेवर घातला, रस्त्याकडच्या. तिथे ऊन सगळ्यात आधी येतं.

थोड्या वेळाने नागसेनची गाडी उशिरा निघालेल्यांना घेऊन जाताना बेड्यासमोर थांबली. आतून कोणीतरी ओरडलं, "धोंडूबाबा, जय भीम! म्हातारपनी तालीम चालू केलीत काय? लंगोट कुनाचा?"

माझ्या तोंडावर 'माझा' आलं होतं. पण ही पायरीवरून उठली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली,

"माजा हाय! का रे, तुला पायजे?"

गाडीतल्या बायका हसायला लागल्या आणि गाडी गेली.

नोंद. आत कोणी आलं नाही. बाहेर कोणी गेलं नाही. दुपारी ऊन कडक होतं. कापड चांगलं वाळलं.